बोट दाखव

आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या क्लासात रविवारी सकाळी कधी डोकावलात तर एक गोष्ट तुमच्या कानावर हमखास पडेल. दोन पोरं बुद्धिबळाच्या पटावर वाकलेली असतात, त्यातलं एक मान वर करून म्हणतं, "बोट दाखव." दुसरं गुपचूप आपलं बोट पुढं करतं. बोटाला काहीच लागलेलं नसतं. मोहरे प्लास्टिकचे, स्वच्छ पुसलेले. पण बोट दाखवलं की भांडण मिटतं, आणि ज्या मोहऱ्याला हात लागला होता तोच मोहरा हलवला जातो. मागे एका नवीन पालकांनी मला विचारलं, "मॅडम, हे बोटाचं काय आहे?" मी म्हटलं, "बसा, चहा घ्या. जरा लांबण आहे."

ते गृहस्थ अर्ध्यातूनच उठले, त्यांना कुठंतरी लग्नाला जायचं होतं. म्हणून आता लिहूनच काढते.

बोट दाखवायला शिकवलं साळवे सरांनी. प्रल्हाद साळवे. एक जिना चढून वर गेलं की साळवे टायपिंग इन्स्टिट्यूट, मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर, आणि समोर कदमांची पिठाची गिरणी. खाली गिरणीची घरघर, वर मशीनींचा खडखडाट. त्या सगळ्यात सर कधी आवाज चढवत नसत आणि तरी सगळ्यांना ऐकू जायचं. कसं, ते मला आजवर कळलेलं नाही.

माणूस बुटका, सावळा, केस मागं चापून बसवलेले. जालन्याच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. मशीनला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि मग एकेक बोट वेगळं पुसायचे. आम्हालाही तेच. दारातच विचारणार, "बोटं धुतली का?" पाव किंवा भजी खाऊन आलेल्या पोराची तर खैर नसे. चहा बशीत ओतून ठेवायचे, बोलत बसायचे, आणि मग तो गार झाला म्हणून कुरकुरायचे. हे रोज.

त्यांच्या तोंडात एक शब्द होता, "बराबर." तोच शब्द ते तीन तऱ्हांनी म्हणायचे. तुटक म्हटला तर अर्थ, ठीक आहे, पुढं चला. प्रश्न केल्यासारखा म्हटला तर समजायचं, आपली काहीतरी घोडचूक झालीय आणि ती आपणच शोधायची आहे. आणि लांबवून, जरा गळ्यातून म्हटला, "बराऽबर", की दिवस सार्थकी लागला. तो तिसरा मला पहिल्यांदा ऐकायला मिळाला तेव्हा मी जिना उतरून गिरणीपाशी उभी राहून एकटीच हसले होते.

तेव्हा मी बारावी होऊन घरी बसलेली. घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं आणि मला एवढंच कळत होतं की आधी नोकरी पाहिजे. सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातांवर टॉवेल टाकला. खाली मशीन, मधे माझे हात, वर टॉवेल. अक्षरं दिसेनात. मी म्हटलं, "सर, दिसत नाही."

"दिसायला कशाला पाह्यजे? डोळ्याचं काही काम न्हाई इथं. बोटाला कळू दे."

"चुकेल ना."

"चुकू दे. कागद वाया गेला तर दुसरा आणता येतो. हाताला एकदा शिकवलं ना मंदा, हात विसरत न्हाई. डोकं विसरंल, हात न्हाई."

त्या टॉवेलाखाली माझी बोटं शिकली. परीक्षा पास झाले, बदनापूरला सरकारी ऑफिसात चिकटले, आजही सकाळच्या गाडीने जाते. माझ्या घरात जे काही आहे, पोरांची शिक्षणं, माझ्या नावावरची दोन खोल्यांची जागा, नवऱ्यापुढं ताठ बसून बोलायची हिंमत, ते सगळं त्या टॉवेलाखालून आलं. हे मी सरांना कधी सांगितलं नाही असं नाही. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बराबर, बराबर," तुटक, आणि चहा गार झाला म्हणाले.

मग कॉम्प्युटर आले. इन्स्टिट्यूटमधली पोरं कमी होत गेली, एकेक मशीन भंगारात गेलं, एकच उरलं कोपऱ्यात, कव्हर घालून. सरांच्या मिसेसही त्याच सुमारास वारल्या. मुलगा राहुल शिकून पुण्याला गेलेला. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता सर दार लावून बसतील. एका रविवारी बघते तर त्याच मशीनींच्या टेबलांवर बुद्धिबळाचे पट मांडलेले आणि गल्लीतली पोरं रांगेत हात धुऊन राह्यलेली.

मला माहीतच नव्हतं की सर खेळतात. म्हटलं, "हे कधी शिकलात?"

"हे आधी शिकलो. टायपिंग मागून."

भोकरदनच्या पुढं त्यांचं गाव. आजोबांनी खेळ शिकवला, विहाराच्या ओट्यावर बसून. विकतचे मोहरे कुठले? आजोबांनी मातीचे केले होते. एका बाजूच्या मोहऱ्यांना चुना, दुसऱ्या बाजूला काव. भाजलेले नव्हते, त्यामुळे हात लावला की रंग बोटाला लागायचा. आजोबांना म्हातारपणी कमी दिसायचं आणि समोरची माणसं लबाड. मोहऱ्याला हात लावायचा, फसतोय असं दिसलं की सोडायचा आणि म्हणायचं, मी कुठं लावला? मग आजोबा म्हणायचे, "बोट दाखव." पांढरं बोट, नाहीतर तांबडं बोट. हात लावलास ना, मग तोच हलव. स्पर्धेच्या नियमातही हेच आहे म्हणे, पण सरांनी तो नियम पुस्तकातून घेतला नव्हता.

आजोबांचा खेळ देशी. त्यात आणि आता स्पर्धांत चालतो त्यात फरक आहे, तो इथं सांगायला पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. स्पर्धेच्या खेळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, देशीत एकच. आणि स्पर्धेच्या खेळात राजाला किल्लेकोट करता येतो. म्हणजे राजा आणि हत्ती यांच्या मधले मोहरे बाहेर काढायचे, राजा हत्तीकडं दोन घरं सरकवायचा आणि हत्ती त्याच्या पलीकडं आणून ठेवायचा. राजा कोपऱ्यात सुखरूप. देशी खेळात किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर अख्ख्या डावात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. सर सांगायचे, आजोबांचा राजा उडाला की ओट्यावरची माणसं वाहवा करायची.

पण क्लासात त्यांनी देशी डाव कधी काढला नाही. "ते वेगळं, हे वेगळं. एका ताटात दोन्ही वाढलं की पोरं गोंधळतील." पोरांना डावाची सुरुवात त्यांनी पाढ्यासारखी घोकून घेतली होती. मधलं प्यादं दोन घरं. घोडा बाहेर. उंट बाहेर. राजा किल्ल्यात. मंग काय लढायचं ते लढा. कुणी घाई करून आधीच राजा हलवला की सर चष्म्यावरून बघायचे. "उंट घरात झोपवून राजेसाहेब कुठं निघाले?" पोरं खुदखुदायची.

चाल परत द्यायची नाही म्हणजे नाही. एकदा एका बियाणांच्या व्यापाऱ्याचा पोरगा वजिराला हात लावून बसला, वजीर मरत होता, पोरानं भोकाड पसरलं. वडील गाडीतून उतरून वर आले. म्हणाले, "सर, एवढंसं लेकरू आहे. एक चाल परत द्या, काय बिघडतं?"

सर म्हणाले, "देतो ना. बिलकुल देतो. तुम्ही दुकानात एकदा पोतं विकलं की तीन दिवसांनी गिऱ्हाईक आलं, म्हणलं पेरून बघितलं, आता परत घ्या. घेता का?"

व्यापारी हसले. "तसं कसं, सर?"

"मंग झालं. पोराला वजीर हलवायला सांगा."

पोरानं वजीर हलवला, वजीर मेला, आणि तो पोरगा पुढं तीन वर्षं क्लासला आला. वडील दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचे.

त्याच क्लासात गिरणीवाल्या कदमांची तनू यायची. तनुजा. अकरा-बारा वर्षांची, तोंडातून शब्द काढायची पंचाईत. खेळायची मात्र झकास. तिचं एकच वाईट होतं, समोरच्यानं चुकीची चाल केली तरी ही गप्प. पंचाला बोलावायला हात वर करायचा असतो, तो हिचा उचलायचाच नाही. पोरांना ते कळलं होतं, काही पाजी पोरं मुद्दाम फायदा घ्यायची.

एका रविवारी सर स्वतः तिच्यासमोर बसले. थोड्या चाली झाल्या आणि सरांनी हत्ती तिरपा चालवला. मी कोपऱ्यात बसून पोरांचे अर्ज भरत होते, मलासुद्धा कळलं की हत्ती तिरपा जात नाही. तनू गप्प. सरांनी परत तिरपा चालवला आणि तिचा घोडा खाल्ला. तनू गप्प. तिसऱ्यांदा त्याच तिरप्या हत्तीनं तिचा वजीर उचलला. तनूच्या डोळ्यांतून टपटप पाणी.

"हात का न्हाई वर केला?"

ती म्हणाली, "तुम्ही सर आहात."

"पटावर सर बसत न्हाईत, बाळा. पटावर पांढरा बसतो आणि काळा बसतो. समोर मी असो, तुझा बाप असो, चूक दिसली की हात वर. भांडायचं न्हाई, रागवायचं न्हाई. हात वर, बास. करशील?"

तिनं मान हलवली. सर म्हणाले, "मान नको. हात." तिनं हात वर केला. "बराऽबर."

आता पुढचं. एका मंगळवारी सकाळी मी स्टेशनला निघाले होते, तर सर जिन्याच्या तोंडाशी उभे. म्हणाले, "आलीस? बस चल. परीक्षा तोंडावर आली आणि तुझी स्पीड अजून कच्ची आहे."

माझे केस पिकायला लागलेत हो. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. थट्टा नव्हती. वर गेले, त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनचं कव्हर काढलं, कागद लावला, मी हात धुतले, त्यांनी माझ्या हातांवर टॉवेल टाकला. आणि मी टाइप केलं. इतक्या वर्षांनी त्या मशीनवर बोटं बसली ती आपापल्या जागी जाऊनच बसली. सर मागं उभे होते. "बराऽबर," म्हणाले. मला रडू आलं, डोळे पुसायला टॉवेल होता ते बरं झालं.

थोड्या वेळानं त्यांचं लक्ष टेबलांवरच्या पटांकडं गेलं. बाकावर बसले. "आज वार कोणता, मंदा?"

"मंगळवार, सर."

"तुझी गाडी गेली असंल."

"जाऊ द्या."

"राहुलला सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण पुढं एक दिवस गॅसवर दूध ठेवून सर खाली उतरले आणि सरळ भोकरदनच्या बसमध्ये जाऊन बसले. घरात धूर, पातेलं कोळसा, कदमांनी दार फोडून गॅस बंद केला. राहुल दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. वाईट मुलगा नाही, उगाच कुणी तसं समजू नये. जळकं पातेलं हातात घेऊन तो जिन्यावर किती तरी वेळ बसला होता. म्हणाला, "मंदाताई, मला तिकडं झोप लागत नाही. अप्पांना मी नेतो."

सर म्हणाले, "मी येत न्हाई. माझी पोरं हायेत इथं."

दोन दिवस बापलेकांची ओढाताण चालली. शेवटी सरांनीच तोड काढली. महिन्याभरात जालन्यातच एका मंगल कार्यालयात खुली स्पर्धा होती. सर म्हणाले, "मी खेळतो. सगळ्यांसमोर. डोकं ठिकाणावर हाये का न्हाई ते तिथं दिसंल. बराबर खेळलो तर मला इथं राहू दे. हरलो तरी चालंल, हरणं वेगळं. पण पटावर नियमच विसरलो, तर तू म्हणशील तिथं येतो. एक शब्द बोलणार न्हाई." आणि हात पुढं केला. राहुलनं हात दिला. सर माझ्याकडं वळून म्हणाले, "मंदा, तू बघितलं. हात लावलाय."

महिनाभर त्या माणसानं काय मेहनत घेतली असेल. रोज संध्याकाळी डावाची सुरुवात स्वतःशी घोकायचे, पोरांना शिकवलेली तीच. मधलं प्यादं दोन घरं. घोडा बाहेर. उंट बाहेर. राजा किल्ल्यात. गिरणीपर्यंत ऐकू यायचं.

स्पर्धेत जोड्या टाइप करायला मलाच बसवलेलं, टायपिंगवाली म्हणून. पोरांमध्ये सरांचा पांढरा शर्ट उठून दिसायचा. राहुल दोरीच्या पलीकडं पालकांत उभा. सर जिंकले, एक हरले, परत जिंकले, आणि सगळं अगदी नीट. दर फेरीनंतर राहुल माझ्याकडं बघायचा, मी मान डोलवायची. राहिली शेवटची फेरी. कॉम्प्युटरनं जोड्या काढल्या आणि मी पडद्यावरची ओळ परत वाचली. साळवे प्रल्हाद, पांढरे. कदम तनुजा, काळे. कॉम्प्युटरला कुठली आलीय माणसाची कीव.

दोघं समोरासमोर बसले. सरांनी तिला विचारलं, "बोटं धुतली का?" ती हसली. घड्याळ सुरू झालं.

मधलं प्यादं दोन घरं. बराबर. घोडा बाहेर. बराबर. मी मनात म्हणत होते, आता उंट. सरांनी वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं. असेल काही डोक्यात. मग वजिरापुढचं, तेही एकच घर. दोन्ही उंट घरातच. आणि सरांनी राजा उचलला. आडवी दोन घरं, वर एक. वजिराच्या पलीकडच्या त्या रिकाम्या घरात अलगद ठेवला आणि घड्याळ दाबलं. आजोबांची उडी.

तनूनं पटाकडं बघितलं. सरांकडं बघितलं. सर शांत बसले होते, चेहऱ्यावर जरा समाधानसुद्धा होतं. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. या सगळ्यावर काय लागलंय ते तिला माहीत होतं, आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं? मी तिला डोळ्यांनी सांगत होते, बाई, जाऊ दे. एकदा जाऊ दे. तुझं काय जातंय?

तिनं हात वर केला.

खरं सांगते, मला त्या पोरीचा असा राग आला की उठून तिचा हात खाली ओढावासा वाटला.

पंच आले. तरुण होते, सरांना ओळखत होते. खाली वाकून हळूच म्हणाले, "सर, ही चाल होत नाही."

"कोणती?" सरांनी विचारलं. मग पटाकडं बघितलं. बघतच राहिले. त्यांना कळलं तो क्षण मी पाहिलाय, आणि तो मला नको होता. त्यांनी स्वतःच राजा उचलून जागेवर ठेवला.

पंच चुळबुळले. "राजाला हात लागलाय, सर. राजाचीच चाल करावी लागेल."

"मंग? त्यात काय विचारायचं?" सरांनी आपलं बोट पंचांसमोर धरलं आणि राजा एक घर पुढं घेतला. स्वतःच्याच उंटाची आणि वजिराची वाट अडवून राजा उघड्यावर उभा राहिला. किल्लेकोट गेला तो गेलाच.

तनूचा डाव पार ढेपाळला. एक घोडा तिनं असाच मारात ठेवला. चुकून की मुद्दाम, देव जाणे. सरांनी घोडा बघितला, तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि घोडा उचलला. दयामाया नाही. तेव्हा कुठं पोरगी भानावर आली. नाक पुसलं आणि खेळायला लागली. सरांचा राजा पटभर पळत होता, आणि सर काय सुंदर पळवत होते त्याला! सगळी टेबलं रिकामी झाली, लोक गोळा झाले. शेवटी सरांनी हार मानून राजा आडवा ठेवला, हात पुढं केला आणि म्हणाले, "बराऽबर."

माझ्या टेबलापाशी राहुल आला. त्याला खेळातलं काही कळत नाही. "मंदाताई, मघाशी पंच कशाला आले होते?"

मी म्हटलं, "काही नाही रे, घड्याळ अडकलं होतं."

"घड्याळ न्हाई," मागून सरांचा आवाज आला. "राजा घोड्यासारखा उडवला मी. स्पर्धेत तसं चालत न्हाई. पोरांना दहा वर्षं शिकवून राह्यलो आणि मलाच..." मग स्वतःच्या तळहाताकडं बघून म्हणाले, "मला विसर पडला आणि हाताला आजोबा आठवले."

संध्याकाळी राहुल आमच्या घरी आला. बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "ताई, आज त्या पोरांना बघितलं. अप्पा निघाले तर सगळी वाकून पाया पडत होती. पुण्यात त्यांना आमच्या वॉचमनशिवाय कोण ओळखणार? राहू दे त्यांना इथंच. स्वयंपाकाला बाई ठेवू, गॅस काढून टाकू, शेगडी विजेची आणू. तुम्ही लक्ष ठेवाल?"

मी म्हटलं, "अरे, विचारतोस काय?" तसेच उठून गेलो. मला वाटत होतं, आपण किती गोड बातमी घेऊन चाललोय.

सर पट पुसत होते. ऐकून घेतलं सगळं. पुसायचं काही थांबवलं नाही. म्हणाले, "न्हाई राहुल. ठरलं ते ठरलं."

"अप्पा, मीच म्हणतोय ना, मी सोडलं ते."

"तू सोडशील. तुझा जीव हाये माझ्यावर. पण त्या पोरीनं हात वर केला. तिला माहीत होतं, हात वर केला की सर जाणार. तरी केला. केवढं जड गेलं असंल लेकराला. आता मी चाल परत घेऊन इथंच बसलो, तर तिनं तो हात कशाला वर केला?"

सरांनी पट पुसायचं फडकं बाजूला ठेवलं.

"आणि मंदा, मला कळतंय ग. आज राजा उडवला. उद्या काय करंल माझा हात, काय सांगावं?"

मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "रविवारी उघडत जा. तनू शिकवंल पोरांना. हात धुऊन घेत जा सगळ्यांचे."

उघडते. एक रविवार चुकवला नाही. तनू आता दहावीला आहे आणि क्लासात चांगली खणखणीत बोलते. तिच्यावरचा माझा राग त्या रात्रीच गेला, पुढं तर मी तिच्या आईला सांगितलं की अशी पोरगी पोटी यायला भाग्य लागतं. पुण्याला फोन करते. सर कधी ओळखतात, कधी नाही. ओळखलं नाही तरी विचारतात, "बोटं धुतली का?" मी म्हणते, धुतली सर. माझं तेवढ्यानं भागतं. कुणाकडून इतकं घेतलेलं असलं की मग अजून मागायचं नसतं.

ते पुण्याला गेले ती सकाळ सांगते आणि थांबते. राहुलची काळी गाडी आदल्या दिवसापासून गिरणीसमोर उभी होती, त्यामुळे तिच्यावर पिठाचा थर बसलेला. सामान म्हणजे एक बॅग आणि एक पट. गल्ली जमली होती. तनू वडिलांच्या मागं उभी, पायाच्या अंगठ्याकडं बघत. सर सगळ्यांशी बोलले, व्यापाऱ्याच्या पोराच्या पाठीवर थाप मारली, चहा बशीत ओतला आणि गार झाला म्हणाले. मग गाडीशी गेले, दाराच्या मुठीला हात घातला, आणि थांबले. वर पाटीकडं बघितलं. साळवे टायपिंग इन्स्टिट्यूट. हात मुठीवरून काढला. एक पाऊल मागं आले.

राहुल म्हणाला, "अप्पा?" त्याच्या आवाजात आशाच होती. मी तर जिन्याकडं वळलेसुद्धा, दार उघडायला.

सरांनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं. पांढरं झालं होतं पिठानं. त्यांनी हाक मारली, "तनू." ती पुढं आली. सरांनी बोट तिला दाखवलं.

"लागला का हात?"

तनूनं नाक ओढलं आणि मान हलवली.

"मान नको."

तिनं हात वर केला. सर हसले, दार उघडून आत बसले आणि मनगटाची बटणं नीट केली. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा त्या पांढऱ्या दारावर मुठीची जागा, त्यांच्या बोटांपुरती, काळी दिसत होती.